खुर्चीमागचे चार ठिपके

बाबा, तुम्ही त्या दिवशी साहेबासमोर खोटं बोलले. हे वाक्य मी आजवर मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे. तुम्ही गेले तेव्हा तुमच्या तिरडीपाशी उभी राहून मला हेच म्हणायचं होतं, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि दादा लहान पोरासारखा रडत होता, म्हणून गिळून टाकलं. आता दादाही गेला. त्याची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं मला आत बोलावून बिस्किटांचा एक जुना डबा हातात दिला. "बाई, हे तुमचं आहे म्हनत होते. जाच्या आधी दोनदा सांगतलं, तिले देजो म्हून." डब्यात कापूस होता आणि कापसात ते विमान होतं. तळहातावर मावेल एवढं, पंखावरचा रंग उडालेलं. तिला वाटलं मी रडेन. रडते कशाची! माझ्या अंगाचा असा भडका उडाला की डबा तसाच पिशवीत कोंबला आणि एसटीत बसून गोंडपिपरीला घरी निघून आले.

तुम्हाला आपलं दुकान आठवतं ना? जटपुरा दरवाजाच्या आतल्या बाजूला, एक टेबल, एक काचेचं कपाट, मागे निळा पडदा आणि पडद्यामागे आपलं घर. चांद्यात घड्याळ बंद पडलं की माणूस तुमच्याकडंच यायचा. मी तेरा वर्षांची असताना तुमच्या उजव्या डोळ्यात पांढरं उतरायला लागलं. बायकांच्या हातातल्या घड्याळांत केसाहून बारीक एक गुंडाळी असते, बालकमानी. ती जरा वाकली की घड्याळ वेड्यासारखं धावतं. ती तुम्हाला दिसेनाशी झाली. दादाला बसवून पाहिलं, तर त्याच्या बोटांना घाम यायचा आणि तीन कमान्या त्यानं मोडल्या. मग एका सकाळी तुम्ही मला मागच्या ओसरीवर उन्हात बसवलं, चिमटा दिला आणि म्हणाले, "पाह्य तुले जमते का." मला पहिल्या झटक्यात जमलं. तुम्ही बोलले ते हे, की "कोनाले सांगू नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. घड्याळवाल्याचा डोळा गेला म्हनजे दुकान गेलं." तेव्हापासून दादा समोर बसायचा डोळ्याला भिंग लावून, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा, आणि घड्याळ पडद्याखालून मागे माझ्याकडं यायचं.

तुम्ही मला शिकवलं, हे मी नाकारत नाही. उघड्या घड्याळावर तोंडानं फुंकायचं नाही, रबराच्या फुंकणीनंच धूळ उडवायची. एकदा मी विसरून फुंकलं तर तुम्ही हातावर अशी चापट मारली की चिमटा चुलीपाशी जाऊन पडला. "तोंडाची वाफ म्हनजे गंज!" उघडलेलं घड्याळ क्षणभरही उघडं ठेवायचं नाही, लगेच त्याच्यावर काचेचा घुमट उपडा घालायचा. आणि खुणेची रीत. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण कोरतो, गिऱ्हाइकाला ती कधीच दिसत नाही. "पहिल्याची वर, दुसऱ्याची त्याच्याखाली. आपल्या आधीच्याची खून कधी खोडायची नाई. त्यानं हात लावला म्हून घड्याळ तुह्याकडं चालत आलं." तुमची खूण दोन उभ्या रेघा आणि मधे एक टिंब. मी दुरुस्त केलेल्या घड्याळांतही मी तुमचीच कोरायची, कारण मी कोण? मी तर पडद्यामागची.

मग तो खाणीवरचा गोरा साहेब आला. घड्याळ घेऊन तो नेहमीच यायचा, पण त्या दिवशी त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. दुसऱ्या महायुद्धात तो विमान चालवायचा, हे तुम्हाला माहीत होतं. विलायतेहून त्याला प्लास्टिकचं हे विमान कोणीतरी पाठवलं होतं, सुटे तुकडे, नळीतल्या गोंदानं जोडायचे. अंग त्यानं स्वतः जोडलं होतं, पण पायलट बसतो ती जागा रिकामीच राहिली होती. वर बसवायचं काचेसारखं पारदर्शक झाकण वेगळं कागदात गुंडाळून आणलं होतं. "अंदर कुछ नहीं है, मिस्त्री," तो म्हणाला. "हम अंदर बैठता था. ये खाली अच्छा नहीं." त्यानं कागदावर काढून दाखवलं, सहा घड्याळांची पाटी, विमान वळवायचा दांडा, दांड्याच्या टोकाला कडी, खुर्ची, खुर्चीचे पट्टे. मग तो कागद त्यानं तुमच्यापुढे सरकवला. "छोटा छोटा घड़ी, छे. तुम घड़ीवाला. तुम बनाएगा." आणि तुम्ही, ज्यांच्या भिंगाच्या उजव्या डोळ्याला मोठ्या घड्याळाचे आकडेही नीट दिसत नव्हते, हो म्हणून बसले!

पुढचे अकरा दिवस सकाळचं ऊन ओसरीवर आलं की मी बसते, ऊन सरकलं की उठते. शाळा बुडते, आई डाळ निवडता निवडता बडबडते, "पोट्टीचे डोळे फुटतीन," आणि तुम्ही तिला गप्प करता. सहा घड्याळांची पाटी माझ्या करंगळीच्या नखाएवढी. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा पत्रा कापला, कंदिलाच्या काचेवरची काजळी स्पिरिटमधल्या लाखेत कालवून त्याच्यावर फासली. वाळल्यावर सुईनं काजळी खरवडली की खालचा पत्रा पांढरा चमकतो; तसे सहा गोल, प्रत्येकात एक काटा, आणि प्रत्येकावर नुसत्या लाखेचा एक एक थेंब, काच म्हणून. दांडा म्हणजे एका बाईच्या घड्याळातला तुटका काटा, त्याच्या टोकाची कडी म्हणजे मोडक्या बालकमानीचा बाहेरचा एक वेढा. आतला रंग साहेबानं सांगितला होता "कच्चा आम जैसा, लेकिन मैला". मी दाराच्या हिरव्या रंगात चुलीची राख घातली. खुर्चीच्या पट्ट्यांसाठी कापड फार जाड दिसत होतं. शेजारची काकू विड्या वळायची, तिच्याकडचं तेंदूचं पान ओलं करून त्याच्या दोऱ्याएवढ्या चार पट्ट्या कापल्या, खुर्चीवर वाकवल्या, आणि वाळल्या तशाच बसल्या. खुर्ची पहिल्यांदा हलत होती. मी म्हटलं, आत कोण पाहणार आहे? तुम्ही चिमट्याच्या टोकानं ती हलवून पाहिली आणि काढूनच टाकली. "दिसत नाई म्हून चालते असं काई नसते. घड्याळाच्या आत कोन पाह्यते? पन वेळ तेच सांगते." मी दुसरी केली. अजून सांगते, इतका आनंद मला नंतर कशातच झाला नाही, माझ्या पोरांच्या जन्मातही नाही.

आणि म्हणून शेवटच्या दिवशी मी खुर्चीमागच्या पत्र्यावर, शेपटीच्या बाजूनं भिंगातून पाहिलं तरच दिसेल अशा जागी, खूण कोरली. तुमची नाही. रांगोळीचे चार ठिपके. माझी पहिली खूण.

तुम्ही वरचं झाकण गोंदानं बसवलं आणि जन्माची सवय, लगेच त्याच्यावर काचेचा घुमट घातला, धूळ जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पाहतो तर झाकण आतून पांढरं फटक. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तुम्ही माझ्यावर असे ओरडले की समोरचा पानवाला डोकावला. "तुह्या तोंडाची वाफ! कितीदा सांगतलं होतं!" मी शपथ घेतली, तुम्ही ऐकलं नाही, मला स्वयंपाकघरात हाकललं. पण घुमट उचलला तेव्हा त्यातून गोंदाचा केवढा भपकारा आला, तो तुम्हालाही आला असणार. ती वाफ गोंदाची होती, कोंडली होती तुम्ही. तुम्ही एकट्यानं बसून झाकण सोडवलं, दंतमंजनाची भुकटी बोटाला लावून आतून घासलं, पुन्हा चिकटवलं, आणि ह्या खेपेला घुमट घातला नाही. म्हणजे कळलं होतं ना? मग "पोरी, तुही चूक नव्हती" एवढं म्हणायला जीभ झडत होती का?

साहेब आला. त्यानं खिशातून भिंग काढलं, विमान उजेडात धरलं, आणि तिथल्या बाकावर बसून आतला एक एक पट्टा पाहिला. मग विचारलं, "किसने बनाया?" मी पडद्यामागे होते. चहाचा कप हातात होता, पडद्याच्या फटीतून मला तुमचा अर्धा चेहरा दिसत होता. तुम्ही एकदा पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मेरे लड़के ने, साहब." दादाचं तोंड पडलं, पण साहेबानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, ये हाथ इधर खराब होगा. कलकत्त्याला विमानातली घड्याळं दुरुस्त करायचा एक कारखाना होता, तिथं त्याची ओळख होती. महिन्याभरात दादा गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणायची त्याला मी, पण खरा राग त्याच्यावर नव्हताच. त्याच्या बोटांचा घाम कलकत्त्यालाही गेला नाही. वर्षभरात त्याला गोदामात सामान मोजायला बसवलं आणि निवृत्त होऊन चांद्याला परत येईस्तोवर तो तेच करत राहिला. साहेब विलायतेला परत जाताना हे विमान त्यालाच देऊन गेला, ज्याचं त्याच्याकडं असावं म्हणून.

मी तुम्हाला फक्त एकदा कारण विचारलं, "काऊन, बाबा?" तुम्ही मान वर न करता म्हणाले, "तुले कलकत्त्याले कोन नेईन? अन् पोट्टी दुकान चालवते म्हनलं तर तुह्याशी लगन कोन करन?" दादा गेल्यावर समोर बसायला कोणी उरलं नाही, म्हणून मागचं कामही बंद झालं. बायकांची घड्याळं तुम्ही परत पाठवायला लागले. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं. ह्या बोटांनी मी साठ वर्षं चिखलात धानाची रोवणी केली, बाबा. वाईट काही झालं असं नाही. नवरा चांगला होता, पोरं शिकली. पण दर आषाढात गुडघाभर पाण्यात वाकले की मला ती नखाएवढी पाटी दिसायची.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ओसरीवर उन्हात बसले आणि झाकणाला नख लावलं. तुमचा गोंद इतका वाळला होता की टक् करून निघालं. पोथी वाचायचं भिंग आणलं. तेंदूचे तीन पट्टे भुगा झालेत, एक शाबूत आहे. सहा घड्याळं जशीच्या तशी चमकतात. मग शेपटीकडून पाहिलं. माझे चार ठिपके होते. आणि त्यांच्याखाली दोन उभ्या रेघा, मधे एक टिंब. रेघा वाकड्या, एक लांब, एक आखूड. डाव्या डोळ्यानं काढलेल्या.

म्हणजे ज्या दिवशी माझ्यावर ओरडले, त्याच दिवशी तुम्ही ते पाहिलं होतं. पहिल्याची वर, दुसऱ्याची खाली. पहिली कारागीर मी, तुम्ही माझ्यानंतरचे, हे तुम्ही स्वतःच्या हातानं कोरलं, आणि त्यावर झाकण चिकटवून दोन दिवसांनी साहेबाला म्हणाले, मेरे लड़के ने! सुना-नातवंडं म्हणतील, किती छान, तुमच्या बाबांनी शाबासकी दिली होती. कसली शाबासकी हो? जिथं कोणी पाहणार नाही तिथं? तोंड होतं तुम्हाला, साहेब समोर बसला होता, पडदा दोन हातांवर होता. माझ्या हातावर विश्वास नव्हता म्हणून तुम्ही खोटं बोलले असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि ते कसंबसं सोसलंही होतं. आता कळलं की सगळं माहीत असून बोलले. हे मले सोसत नाई, बाबा. माझे ठिपके तुमी पुसून टाकले असते तर बरं झालं असतं.

मी सुई घेऊन बसले होते तुमच्या रेघा खरवडायला. खरवडल्या नाहीत, आधीच्याची खूण खोडायची नाही म्हणतात, पण नंतरच्याची खोडू नये असं तर तुम्ही कधी सांगितलं नव्हतं, तरी हात गेला नाही. झाकण मात्र मी परत बसवणार नाही. टीव्हीशेजारी फळीवर विमान उघडंच ठेवलं आहे, वर घुमट नाही, काही नाही. येईल त्याला सांगते, हे मी केलं, वाका आणि पाहा. धूळ बसायची तर बसू दे, असं सगळ्यांना ठणकावून सांगितलं आहे.

पण एक कोणाला सांगितलं नाही. झाकण काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मेडिकलच्या दुकानातून तान्ह्या बाळाचं नाक साफ करायची रबराची पिचकारी आणली. रोज सकाळी घरात कोणी उठायच्या आधी आतली धूळ तिनं उडवते. तोंडानं फुंकत नाही.