पूरिया धनाश्रीतलं कुलूप

ती. अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार प्रत्यक्ष भेटीत घालीन. त्याची घाई नाही.

उद्या तुमची पहिली पुण्यतिथी. शिष्यमंडळी तुमच्याच बंदिशी गाणार आहेत. आणि पत्रिकेत 'द्वारे लाग्यो कुलुप, अजहूँ न आई' या पूरिया धनाश्रीतल्या चीजेपुढे काय छापलंय माहितेय? 'पारंपरिक'! ज्या बंदिशीसाठी अख्खा देश तुम्हाला ओळखायला हवा, तिच्यावर तुमचं नावच नाही! म्हणून हे पत्र.

अर्थात सुरुवात तुम्हीच केलीत. नवी चीज बांधली की मैफलीत बिनदिक्कत सांगायचात, "ही गुरुजींकडून आलेली जुनी चीज." मी सून, मला राहवेना. विचारलं तर म्हणालात, "पुण्यात रचनाकाराला दाद हवी असेल तर त्यानं आधी मरावं." झालं, तेही केलंत. काय उपयोग झाला? तुमच्या चिजा आज कोलकात्यापर्यंत गातात, अमेरिकेतली मुलं सीडी लावून घोकतात, आणि दाद जाते कुठल्या तरी अज्ञात पूर्वजाला.

पत्रिका तपासणाऱ्या अभ्यासकांना मी फोन केला. ते म्हणाले, "अहो, 'कुलुप' हा शब्द पाहा. फारसीतून आलेला. म्हणजे चीज मुघलकाळातली. द्वार म्हणजे देह, वाट पाहणारा तो जीवात्मा. आपण काय करता?"

"हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"मग राहू द्या."

आता यांना कसं सांगू, की द्वार आपलं धायरीचं, तिसऱ्या मजल्यावरचं? तुमचा लेक शेखर प्रोजेक्टसाठी अमेरिकेत, तुम्ही संध्याकाळी फिरायला जाताना किल्ली घरातच विसरलेले, आणि मी कंपनीच्या बसमध्ये ट्रॅफिकला शिव्या घालत बसलेली! घरी पोचावं तर तुम्ही पायरीवर, मांडीवर ताल धरून. "थांब, उघडू नकोस, सम येतेय." खांद्यावर लॅपटॉप, पोटात कावळे, आणि मी समेची वाट बघत उभी!

तेव्हाच म्हटलं होतं ना, "अण्णा, हिंदीत कुलुप नाही, ताला म्हणतात. चंद्रपूरची आहे मी, आमच्याकडे भाजीसुद्धा हिंदीत घेतात." तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताला म्हटलं की तबलजी दचकतो. कुलुपच राहू दे." झाला मुघलकाळ!

दुसरी किल्ली करून दिली, तर तीही हरवलीत. नवी करते, गळ्यात अडकवा म्हटलं, तर म्हणे, "गाणाऱ्याच्या गळ्यात आधीच पुष्कळ अडकलेलं असतं." त्या दिवशी मी चिडले होते. इतका विसरभोळा माणूस शंभर चिजा पाठ कशा ठेवतो, असंही बोलले.

गेल्या आठवड्यात समोरच्या काकूंनी एक किल्ली आणून दिली. "कपाट आवरताना सापडली. अण्णांनीच ठेवायला दिली होती."

"मग ते बाहेर बसायचे तेव्हा दिली का नाहीत?"

"अगं, विचारायची ना मी! 'अण्णा, उघडून देऊ का?' तर म्हणायचे, 'नको, सूनबाई येईलच. आत एकट्यानं बसून काय करू?'"

अण्णा, मी तिथंच पायरीवर बसून रडले. इतकं लबाड असावं का हो माणसानं? एकदा तरी सांगायचं होतंत, सात वेळा मीटिंग सोडून आले असते. आता घरी येते तेव्हा जिना इतका गप्प असतो की किल्ली लावायला नको वाटतं.

तर ऐका. उद्या निवेदकानं 'पारंपरिक' म्हटलं की मी उठणार, न विचारता माईक घेणार आणि सांगणार, की ही चीज आमच्या अण्णांची आहे, आणि ती धायरीत, जिन्यावर बसून बांधलेली आहे. अभ्यासक रागावले तर रागावोत. आणि "मग इतक्या आर्ततेनं ज्याची वाट पाहिली तो परमात्मा कोण?" असं त्यांनी विचारलंच, तर भर सभेत मी हात वर करीन.

तुमची सूनबाई,
वैशाली