क्लेटनची शिट्टी, एमरीची साक्ष

मी, ओलीटा प्रिचर्ड, वय चोपन्न, राहणार कोल्ड फोर्क, पश्चिम व्हर्जिनिया, हे शेवटचं लिहून ठेवते. डॉक्टर म्हणाला फुप्फुसं गेली. डोक्याबद्दल काही बोलला नाही, तेव्हा ते जागेवर आहे असं धरावं. शाळा तिसरीपर्यंत, चुका काढत बसू नये.

१. घर आणि मागची बटाट्याची पट्टी भाची लोरीनला. छप्पर गळतं. बिडाचा तवाही तिलाच. साबणाने घासलास तर परत घ्यायला येईन.

२. चिंध्या आणि रॉकेलचा डबा फेकून द्यावा. बारा वर्षं कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या त्या वाफेच्या इंजिनांची पोटं पुसली. डिझेल आलं, पुढच्या महिन्यात तीही भंगारात. जाऊ बरोबरच.

३. माझ्या अंत्यविधीला पाद्र्याने दहा मिनिटांच्या वर बोलू नये. माझ्या नवऱ्याच्या, क्लेटनच्या वेळी त्याने 'निष्काळजीपणा' तीनदा काढला. मी मोजलं.

४. क्लेटन पुढच्या इंजिनावर, माझा भाऊ एमरी गाडीच्या शेपटीला ढकलणाऱ्या इंजिनावर. मध्ये साठ डबे. एकमेकांना दिसायचे नाहीत, बोलणं शिट्टीनेच. १९४० च्या मार्चात वळणावर दरड पडलेली. क्लेटनने थांबायची शिट्टी दिली. एमरी ढकलतच राहिला आणि क्लेटनचं इंजिन दरडीत घुसलं. चौकशीत एमरी म्हणाला, "ऐकलीच नाही." रेल्वेने लिहिलं, चालकाने शिट्टी दिली नाही. पेन्शन बुडाली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, मी ऐकली. बाईचं कोण लिहून घेतो?

एमरी खोटं बोलला नाही. बॉयलरने त्याचे कान खाल्ले होते. नोकरी जाईल म्हणून लपवलं. घरात पाच पोरं. मला ठाऊक होतं, मीही गप्प बसले. गप्प बसून थकले.

५. क्लेटनच्या इंजिनावरची पितळी शिट्टी एमरीला द्यायची होती. वकील म्हणतो, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून काल एमरीच्या डाव्या कानाशी, त्यात थोडं उरलंय, ओरडले, "शिट्टी नेतोस की सही करतोस?"

"कसली सही?"

"तू बहिरा आहेस त्याची."

"ओली, अख्खं गाव वाचेल गं!"

"वाचू दे. इंजिनंच भंगारात चाललीत, आता कुठली नोकरी जायची राहिलीय तुझी?"

एमरी मग म्हणाला, "शिट्टी नेऊन करू काय? ऐकू थोडीच येणार आहे."

तेव्हा शिट्टीही लोरीनला.

६. कलम चार चर्चमध्ये वाचावं. एमरीला पहिल्या बाकावर बसवावं, डावा कान वाचणाऱ्याकडे.

ओलीटा प्रिचर्ड
कोल्ड फोर्क, ९ ऑक्टोबर १९५४

साक्षीदार:
१. न्यूटन हिक्स, टपालमास्तर
२. एमरी स्टंप, इंजिनचालक. १९३८ पासून मला ऐकू येत नाही. क्लेटन शिट्टी द्यायला कधी विसरत नसे.