तीन आठवड्यांची काजळी

उझुमासा, क्योतो
१४ डिसेंबर १९५४

तीर्थस्वरूप मामांना सेत्सुओचा चटईला कपाळ टेकवून नमस्कार.

थंडी कडाक्याची पडली आहे. गुडघे काय म्हणतात? (गेल्या पत्रात डाव्याची चौकशी राहिली म्हणून तुम्ही रुसलात, असं ताईने कळवलं. या वेळी दोन्हींची करतो.) मी ठणठणीत आहे. म्हणजे परवापर्यंत होतो.

दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती रंगवल्यावर यंदा पहिल्यांदाच अख्ख्या चित्रपटाचं कलादिग्दर्शन माझ्याकडे आलं, मामा! गोष्ट एका गरीब बाईच्या स्वयंपाकघरातली. आमचे दिग्दर्शक हिराबायाशी साहेब महाखट. पडद्यावर न दिसणारे खणसुद्धा उघडून बघतात. "चाळीस वर्षांचा धूर दिसला पाहिजे, नाहीतर पुन्हा ब्रश धुवायला जा," म्हणाले. मग काय, तीन आठवडे मी कोऱ्या लाकडाला धूर दिला, काजळी चोळली, तेलकट बोटांचे डाग पाडले. परवा साहेबांनी लाकूड हुंगून "हं" केलं. (त्यांचं "हं" म्हणजे आमच्याकडे सत्कारच.)

आणि काल उजाडली तेरा तारीख, वर्षअखेरच्या साफसफाईची! सगळा स्टुडिओ डोक्याला फडकी बांधून कामाला लागला. (मीही रंगाची खोली घासत होतो.) कपडेपटात नुकत्याच लागलेल्या ओताकीबाई चौघींना घेऊन माझ्या सेटवर शिरल्या. दुपारी जाऊन बघतो तर स्वयंपाकघर लख्ख! बाई घाम पुसत म्हणाल्या, "किती रे मेल्या घाण करून ठेवली होतीस! साहेबांनी बघितलं असतं तर?" मी लाकडावर बोट फिरवून बघितलं, काजळीचा कण नाही. त्यांनी वर मलाच चहा पाजला. रागवणार कसा? शुक्रवारी चित्रीकरण आहे.

काळजी नसावी, वाट सापडली आहे. लोभ असावा, या खेपेला जरा जास्तच लागेल.

तुमचा भाचा,
सेत्सुओ

ता. क. : तुमच्या स्वयंपाकघराची सरकती कागदी दारं आणि काळं फडताळ महिनाभर द्याल का? तुम्हाला गबाळे म्हणत नाही. पण मामी गेल्यापासून तिथे फडकं फिरलेलं नाही, खरं ना?

ता. क. २ : हे पत्र घेऊन आलेला माणूस ट्रकवाला आहे. त्याला आत घ्या, बाहेर गारठा असेल.

ता. क. ३ : दारांच्या फाटक्या कागदावर मामींनी फुलांच्या आकाराची ठिगळं लावली आहेत आणि तुम्ही त्यांना कुणाला हात लावू देत नाही, हे मी काल साहेबांना सांगितलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग विचारू लागले, तुझी मामी चुलीपुढे कशी बसायची, भात कसा वाढायची, हसायची कशी? नटीला दाखवायला हवं म्हणे. मला काय ठाऊक, मामा? ते तुम्हालाच येऊन दाखवावं लागेल. ट्रकमध्ये दारं मागे ठेवा आणि तुम्ही पुढे बसा.