उजवं फूल

मु. खडकमाळ, ता. जाफ्राबाद
माघ शुद्ध ५, शके १९४६

तीर्थस्वरूप आक्का यांस, माळोबाचा सा. न. वि. वि.

इकडं सगळं खुशाल हाये असं लिहायची रीत म्हणून लिहितो. खरं तर बिलकुल खुशाल न्हाई. तुमची धाकटी बहीण, आमची साळाई, बारव सोडून तुमच्या विहिरीत राहायला गेली त्याला परवा दोन वर्षं झाली. तीनशे वर्षं दर चैत्री पुनवेला माझी पालखी माळावरून उतरून तिच्या बारवेवर जायची. एका दिवसाचा संसार, पण कधी खंड पडला न्हाई.

आता मी खाली नव्या देवळात हाये. संगमरवरी फरशी, शिखर, डोक्यावर पंखा. तिची बारव बुजवून तिच्यावरच हे देऊळ उभं केलं, ते तुम्हाला ठाऊक हाये. पण आक्का, त्यात माझा कसूर न्हाई. गावानं कौल लावला. माझ्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली आन् विचारलं, बारव बुजवून देऊळ बांधावं का? उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नको. मी डावंच पाडणार होतो, पण पंख्याच्या वाऱ्यानं उजवं पडलं. एवढं तिला समजावून सांगा.

गुरवाघरची दैवशाला रोज मला आंघोळ घालती, पण विकतच्या जारच्या पाण्यानं. ते अंगावरून वाहून जातं, आत उतरत न्हाई. साळाईनं परत यावं, एवढंच मागणं. पत्र भारद्वाजाबरोबर धाडतो. लोभ वाढवा म्हणायचं तोंड न्हाई. आहे तेवढा राहू द्या.

आपला,
माळोबा

*

मु. आसरांची विहीर, तीर्थपुरी शिवार
माघ शुद्ध १४

श्री. माळोबा यांस, आक्काचे अनेक आशीर्वाद.

भारद्वाज उडतो कमी न् चालतो जास्त, म्हणून पत्र आठ दिवसांनी मिळालं. पुढच्या वेळी बगळा बघा.

पाव्हणे, देवानं खोटं बोलावं तर निदान जमवून तरी बोलावं! कौल लावला तेव्हा तुम्ही माळावर होता. तिथं छप्पर न्हाई, खांब न्हाई, वायर न्हाई. मंग पंखा काय आभाळाला टांगला होता?

साळाई आली तेव्हा तिच्या केसांत, कानांत मुरूम होता. आम्ही सहा आसरा बहिणींनी तीन दिवस धुतला. मी तुमच्या नावानं बोटं मोडत होते, तर ही मला गप्प करती. म्हणाली, वारा सुटला असंल हो आक्का, ते कशाला असं करतील? ऐकलंत का? तुमचं खोटं तुमच्या आधी तिनंच तुमच्यासाठी रचून ठेवलं होतं. तुमचं पत्र वाचून मला रडू आलं, न् मी काही सहजासहजी रडणारी न्हाई.

मी मधे पडणार न्हाई. काय ते तिला लिहा, न् खरं लिहा.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
आक्का

*

मु. खडकमाळ
माघ वद्य ९

सौ. साळाईस अनेक आशीर्वाद. लिहिले खरे, पण आशीर्वादाला हात उचलवत न्हाई.

पंखा नव्हता. वाराही नव्हता. फूल मी पाडलं.

शेवटच्या चैत्री पुनवेला माझे पाय धुताना तू एवढंच म्हणाली होतीस की, बारवेचं विचारतील तेव्हा डावं पाडा. मी शब्द दिला. मंग कौलाच्या दिवशी भुजंगराव सरपंचानं शिखराचं चित्र माझ्यापुढं धरलं. टेंभुर्णीच्या रस्त्यावरून दिसंल एवढं उंच! साळे, तीनशे वर्षं उन्हात बसलो होतो. बाकीच्यांना छप्पर, मला नुसता शेंदूर. मला मोह पडला. वर मनाची समजूत घातली की आता तिच्याजवळच राहायला चाललो, वर्षातून एकदा न्हाई, रोज भेट. आन् खरं सांगू? वाटलं, ही कुठं जाती! ते वाटलं, तेच सगळ्यात वाईट.

मुरूम टाकत होते तेव्हा तू खालून हाक मारली होतीस. दोनदा. मी ऐकली. मंग तू हाक मारायची थांबलीस.

गावातले बोअर आटलेत. आता लोक बारव उकरायची म्हणून राह्यलेत, पण त्यासाठी देऊळ पाडावं लागंल. सोमवारी मला कौल लावणार हायेत. तू ये असं म्हणत न्हाई. तुला खरं कळावं म्हणून लिहिलं.

तुझा म्हणायचा हक्क घालवलेला,
माळोबा

*

मु. माळावर, उघड्यावर
फाल्गुन वद्य ६

सौ. साळाईस,

पत्ता बघून कळलंच असंल. कौलाच्या आधी बद्रीनाथ गुरवानं स्वतः उठून पंखा बंद केला. बारव उकरावी का, असं त्यानं विचारायच्या आतच माझं उजवं फूल खाली! लोकांना पटंना. देव स्वतःचं घर कशाला पाडंल? तीनदा फुलं लावली, तिन्ही वेळा उजवं पाडलं. शिखर उतरवताना मी डोळे मिटून घेतले न्हाईत. ऊन फार हाये, पण झोप लागती.

बाकी काही मागणं न्हाई.

माळोबा

*

मु. बारव, खडकमाळ
चैत्र शुद्ध ११, शके १९४७

श्री. माळोबा यांस, साळाईचा शि. सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं पोचली. नवव्या पायरीला पाणी लागलं, न् मी आले. तुमच्यासाठी आले असं समजू नका. घर माझं हाये म्हणून आले. आक्कानं निघताना ओटी भरली न् तुमच्यासाठी दोन शिव्या दिल्या, त्या मी वाटेत सांडल्या.

तुम्ही फूल पाडलं, ते फार लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते पंखा नव्हता, वाराही नव्हता, याचं. दोन वर्षं मी वारा सुटला असंल म्हणत त्याच्यावर दिवस काढले. तुम्ही खरं लिहिलं, न् तोही आधार गेला. त्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी हातभर खाली उतरलं होतं, विचारा आक्काला. तरी खरं कळलं ते बरंच झालं.

काल गावानं मला कौल लावला. पुनवेला माळोबाची पालखी बारवेवर आणावी का? दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवून लोक सकाळपासून हात जोडून बसले. मी एकही पाडलं न्हाई. बद्रीनाथ म्हणाला, बाईचा विचार चालू हाये, थांबा. बराबर बोलला. माझ्या अंगावरची फुलं वाळत न्हाईत, तेव्हा मला घाई न्हाई. तुम्हीही बसा. तुमच्यापुढं माणसं कशी बसतात ते एकदा कळू द्या.

दैवशालाबरोबर एक हंडा पाणी पाठवलंय. उन्हाचं अंगावर घ्या. त्याला कौल समजू नका.

साळाई