डब्याची झडती

मंगळवार, दिवे लागल्यावर

वाळूचोरीमुळं गोदावरीच्या घाटावर पोलीस होड्यांची झडती घेऊन राह्यले, ते बराबरच. पण रोज माझं जाळं विसकटतेत, जेवणाचा डबाबी उघडतेत. डब्यात वाळू नेतो का मी? अन् चुलतभाऊ बबनची नवी इंजिनाची होडी मात्र सलाम घेत जाते!

आज मीच शिपायाला म्हणलो, "साहेब, कायदा सगळ्याला एकच ना? मंग त्याचीबी बघा."

बघितली. काहीच सापडलं न्हाई. मंग त्याचाबी डबा उघडला. वहिनीच्या हातची भरली वांगी. "काय वास सुटलाय राव!" म्हणत शिपाई तिथंच बबनसंगं जेवायला बसला.

आता घरी बायकोला काय सांगू? माझा डबा रोज उघडतेत, पण आजवर कुणी घास मागितला न्हाई.