अंतिम सामन्यात भट्टीची घंटी वाजू देण्याबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
बालक्रीडा विभाग,
मैदानाशेजारची इमारत, पहिला मजला
(दार ढकलून उघडत नाही ती खोली)

विषय: बारा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, खेळाडू बदलण्याची वेळ कळावी म्हणून बेकरीच्या भट्टीची घंटी वाजवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) मैदानाच्या फाटकावर आपण लावलेला फलक: 'इथे प्रत्येक मूल खेळेल.'
२) पालक समितीच्या अध्यक्षांनी माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, काउंटरवर हात आपटून दिलेली तोंडी नोटीस.

महोदय,

अर्ज करण्यास कारणे पुष्कळ आहेत, पण त्यातली निम्मी रागाच्या भरात सुचलेली असल्याने आमच्या ह्यांनी ती खोडून टाकली. उरलेली खालीलप्रमाणे सादर करते.

१. मी सकाळी बेकरी चालवते आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. मला फुटबॉल येतो का, असे काही पालक विचारतात. येत नाही. मला शिट्टी वाजवता येते, अकरा मुलींच्या बुटांच्या नाड्या बांधता येतात आणि माझा आवाज चौकापर्यंत जातो. माझ्याआधीच्या प्रशिक्षकांना फुटबॉलमधले सगळे यायचे. ते तिसऱ्या आठवड्यात गायब झाले ते आजतागायत दिसलेले नाहीत.

२. आता घंटीविषयी. आमची भट्टी जुनी आहे आणि तिची आग मागच्या बाजूला जास्त लागते. त्यामुळे टायमरची घंटी वाजली की पुढचा ट्रे मागे आणि मागचा पुढे करावा लागतो. नाही केला तर मागची बिस्किटे करपतात आणि पुढची कच्ची राहतात. मैदानावर सात मुली आणि बाकावर चार, असा हिशेब समोर आल्यावर मला दुसरे काही सुचले नाही. मी टायमर घेतला आणि मैदानावर नेला. घंटी वाजली की चौघी बाहेर, चौघी आत. जी जास्त वेळ आत आहे ती बाहेर, मग ती गोलकीपर असो नाहीतर माझी भाची असो. टायमर आमच्या ह्यांच्या हातात असतो आणि घंटी वाजेपर्यंत त्याला कोणी बोट लावायचे नाही, हा आमच्या संघाचा एकुलता एक नियम आहे. ह्यांना जरा कमी ऐकू येते, म्हणून घंटी मोठी आहे. शेजारच्या मैदानावर व्यायाम करणारे लोकही तिच्यावर आपले हात-पाय बदलतात, त्याला माझा इलाज नाही.

३. सर्व काही सुरळीत होते, कारण आम्ही हरत होतो. हरणाऱ्या संघात कोण किती वेळ खेळले हे कोणी विचारत नाही. मग या वर्षी आमच्याकडे 'तोफ' आली. हे तिचे टोपणनाव आहे, मुलींनीच ठेवलेले. अंगापिंडाने एवढीशी आहे, पण चेंडूला पाय लावला की गोलकीपर आधी बाजूला होते आणि मग विचार करते. आम्ही जिंकू लागलो, आणि माझ्या मागे साडेसाती लागली.

४. तोफेचे वडील पडद्यांचे दुकान चालवतात. तेच पालक समितीचे अध्यक्ष. माणूस मनाने वाईट नाही, हे मी लेखी देते. आमच्या मुलींचे टी-शर्ट त्यांनीच दुकानातल्या उरलेल्या कापडातून शिवून दिले आहेत, म्हणून तर अर्धा संघ फुलाफुलांचा आणि अर्धा संघ पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. पण मैदानाच्या कडेला त्यांनी दोन बांबू रोवून, कड्या लावून, खराखुरा पडदा टांगला आहे. लेकीने गोल केला की ते दोरी ओढतात, पडदा सरकतो आणि मागे कापडावर रंगवलेली भलीमोठी तोफ दिसते. दुसऱ्या कोणी गोल केला तर पडदा जागचा हलत नाही. बाकीच्या पालकांनी यावर नाके मुरडली, मग एकीच्या आईने घरून ताट आणि ते बडवायला डाव आणला, दुसरीच्या काकांनी गाडीचा हॉर्न काढून आणला. सामना चालू असताना आता तिथे मला माझाच आवाज ऐकू येत नाही.

५. उपांत्य सामन्यात जे घडले ते आपण स्वतः पाहिले आहे. आपण खुर्चीवर बसून तोंडासमोर फाइल धरली होती आणि फाइल हलत होती, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. तरीही नोंदीसाठी सांगते. गोल बरोबरीत. अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. तोफेने चेंडू ठेवला, चार पावले मागे गेली, पडदेवाल्यांनी दोरी हातात घेतली, आणि घंटी वाजली. तोफ बाहेर आली. आत गेली आमची 'चष्मिस'. ही माझ्या भावाची मुलगी, मला आत्या म्हणते, आणि चेंडू समोर आला की आधी त्याला वाट देते. पंचांनी आपले नियमांचे पुस्तक दोनदा चाळले आणि बदली खेळाडू पेनल्टी मारू शकते असे सांगितले. ते तरी बिचारे काय करणार!

६. पडदेवाले धावत आले आणि त्यांनी ह्यांच्या हातातला टायमर हिसकावला. घंटी बंद कशी करायची हे त्यांना ठाऊक नव्हते. घाबरून त्यांनी तो खिशात कोंबला आणि पळत सुटले. खिशात घंटी वाजतेय, मागे आमचे हे, ह्यांच्या मागे हॉर्नवाले काका, अशी वरात मैदानाला वळसा घालून समोरच्या गोलच्या मागून गेली. तिकडची गोलकीपर मान वळवून तेच बघत होती. तेवढ्यात चष्मिसने चष्मा नीट केला, डोळे मिटले आणि पाय मारला. चेंडू निवांत घरंगळत गेला आणि जाळ्यात जाऊन बसला. पडदेवाल्यांना गोल झाल्याचे कळले तेव्हा ते कोपऱ्यातल्या झेंड्याला अडखळून पडले होते. मुलींनी चष्मिसला उचलले, चष्मा खाली पडला, आणि तो शोधताना आम्ही सगळ्या गवतात लोळून इतक्या हसलो की माझ्या पोटात कळ आली. अशा रीतीने आम्ही अंतिम फेरीत पोहोचलो.

७. हा माझ्या बाजूचा पुरावा नव्हे. उद्या चष्मिसला पुन्हा पेनल्टी मारायला दिली तर चेंडू आपल्या कचेरीच्या खिडकीत येईल, हे तिची सख्खी आत्या म्हणून सांगते. घंटीमुळे आम्ही अंतिम सामना हरू शकतो. आणि मला जिंकायचे आहे, महोदय! मी काही साधू नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटातला तीनमजली नमुन्याचा केक हलवून मी कपासाठी जागा केलेली आहे, आणि रोज ती पुसते.

८. त्यानंतर संदर्भ क्रमांक दोनमधील नोटीस आली. तिच्यातील मुद्दे असे की अंतिम सामन्यात घंटी वाजणार नाही आणि तोफ सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळेल. मी भाचीसाठी टायमरमध्ये लांडीलबाडी केली, असेही त्यांचे म्हणणे आहे. ऐकले नाही तर ते लेकीला दुसऱ्या संघात नेतील आणि टी-शर्ट परत घेतील. लांडीलबाडीचा आरोप मला झोंबला. म्हणून सदर टायमर तपासणीसाठी सोबत जोडला आहे. परिणामी आज सकाळी दुकानातला सगळा माल अंदाजाने भाजला गेला आणि गिऱ्हाइकांनी तो हातात घेऊन, उलटासुलटा करून परत ठेवला. तरी शनिवारच्या सामन्यापर्यंत टायमर परत मिळावा.

९. खरे सांगायचे तर मी नमते घेतले होते. एकाच सामन्याचा प्रश्न, एकदा कप येऊ दे, पुढच्या वर्षी पुन्हा घंटी, असे मनाशी ठरवून टाकले होते. पडदेवाल्यांना तसा निरोपही धाडणार होते.

१०. पण काल शाळा सुटल्यावर तोफ दुकानाच्या मागच्या दाराने आली. मी ट्रे खरवडत होते. मला वाटले बिस्किटांचा चुरा मागायला आली असेल, कारण बाकावरच्या मुलींसाठी मी तो डब्यातून नेते. बाकावर काय चालते हे आपल्याला खुर्चीवरून दिसत नसेल. चौघी चुरा खातात, एकमेकींच्या नाड्या गुपचूप एकत्र बांधतात, पंचांच्या चालण्याची नक्कल करतात आणि हसून हसून बाकावरून खाली पडतात. तोफ त्यात सगळ्यांच्या पुढे. तिने चुरा मागितला नाही. ती म्हणाली, "काकू, घंटी बंद करू नका ना. मला माझा बाक हवाय." मी म्हटले, अगं वेडे, तुला तर सगळे खेळवायला निघालेत, तुझ्या जागी दुसरी कोणी असती तर नाचली असती. तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "मी आत असले ना, की बाबा नुसते ओरडतात. डावीकडे, उजवीकडे, मार, मार. मी बाकावर आले की ते जवळ येतात आणि विचारतात, पाणी हवंय का तुला?"

११. महोदय, मी हातातले उलथने खाली ठेवले. मला भडभडून आले आणि मी ते भट्टीच्या धुरावर ढकलले. आजवर मी समजत होते की घंटी ही चष्मिससारख्यांसाठी आहे, ज्यांना कोणी आत घेत नाही. जिला कोणी बाहेर येऊ देत नाही तिचा मी विचारच केला नव्हता. रोज ट्रे फिरवणारी बाई मी, आणि मागच्या बाजूला कोण करपतेय हे माझ्या ध्यानात येऊ नये!

१२. तरी माझी मूळ विनंती मी पुढीलप्रमाणे दुरुस्त करते. फलकावरील 'प्रत्येक मूल खेळेल' या वाक्याखाली, जागा असल्यास, 'आणि प्रत्येक मूल बसेल' असे रंगवून घ्यावे. रंग नसेल तर पडदेवाल्यांकडे आहे. अंतिम सामन्यात घंटी वाजली की तोफेला तिच्या पाळीप्रमाणे बाहेर येऊ द्यावे, मग गोल किती का झालेले असेनात. टी-शर्ट गेले तरी हरकत नाही, मैद्याच्या गोण्या धुऊन वाळत घातल्या आहेत. पण तोफ दुसऱ्या संघात जाऊ नये, एवढे मात्र आपण आपल्या परीने पाहावे. तिने मला काल सांगितलेले तिच्या वडिलांना मी सांगू शकत नाही, तो माझ्यावर टाकलेला विश्वास आहे. आपण अधिकारी आहात, आपल्याला काहीतरी सुचेल.

१३. कप आला तर कपाटात जागा आहे. नाही आला तर केक परत तिथे ठेवीन, तो काही रुसलेला नाही.

घंटीवर अडून बसलेली, बाकी सर्व बाबतींत आपली नम्र,

(सही)
बेकरीवाली काकू
प्रशिक्षक, गल्लीतला मुलींचा संघ

दिनांक: सामन्याआधीचा बुधवार

सोबत:
१) टायमर, एक. लाल बटण दाबू नये. दाबल्यास घाबरून खिशात घालू नये.
२) बिस्किटे, दोन पुडे. एक ट्रे फिरवून भाजलेला, एक न फिरवता. दोन्ही चाखून मग निर्णय द्यावा. दुसऱ्या पुड्यातली करपलेली बाजू टाकून दिली तरी चालेल, मात्र आधी बघावी.
३) पाण्याची बाटली, एक, भरलेली. ही सामन्याच्या दिवशी पडदेवाल्यांच्या हातात द्यावी. पडद्याची दोरी त्याच हातात असते, म्हणून ती आधी सोडायला सांगावी. घंटी वाजली की बाटलीचे काय करायचे हे त्यांना ठाऊक आहे.