अठ्ठावन्न जणांचा सूर

३ तारीख, सकाळी ७
नवा ओबो आला, विलायती सनईच म्हणा. काळंभोर लाकूड, तोंड दिसेल असं. जुना मेव्हण्याला देऊन टाकला. तो अजून प्लास्टिकच्या ओबोवर फुंकतोय. म्हटलं, घे, वाढ माझ्या उष्ट्यावर. (मनात.) वीस तारखेला कंडक्टर ठरवणार पहिल्या खुर्चीवर कोण, मी की तो. पहिला ओबो सूर देतो, अख्खा ऑर्केस्ट्रा त्यावर वाद्यं जुळवतो. अठ्ठावन्न माणसं. मेव्हण्यासकट.

४ तारीख
दुरुस्तीवाल्याने अक्कल शिकवली. नवं लाकूड, महिनाभर रोज वीसच मिनिटं वाजवा, आतून पुसा, थंडीत उघडा ठेवू नका. ओबो आहे की बाळंतीण? संकल्प: रोज चार तास.

७ तारीख
जुनी एकही रीड, म्हणजे तोंडात धरायची वेताची पत्ती, नव्या ओबोवर बोलत नाही. खालचे सूर बदकासारखे. रीडना चांगल्या वाद्याची सवय नाही, दुसरं काय. ही म्हणाली, वाद्य बदललं की रीड त्याच्या मापाने घासावी लागते ना? हिला कुणी विचारलं? शेवटी त्याचीच बहीण.

९ तारीख
मेव्हणा आला. त्याची रीड जाड, आवाज उशीखालून आल्यासारखा. विचारत होता, भावोजी, काय चुकतंय? म्हटलं, फुप्फुसं. फार बरं वाटलं.

१२ तारीख
तालमीत तो वाजवताना कंडक्टरने मान डोलावली. मानेचं दुखणं असावं.

१३ तारीख, संध्याकाळी
पुन्हा हजर. हात धुवायला गेला, रीड टेबलावर. सुरी घेऊन टोक दोनदा खरवडलं. केसाएवढं. संपला विषय. याला घातपात म्हणत नाहीत. खऱ्या कलावंताला रीडची गरज नसते.

१४ तारीख
वाजवून दाखवायला आला की! आवाज खोलीभर. ही कप धरून उभीच राहिली. जुन्या ओबोला नेमकी तेवढीच पातळ रीड हवी होती म्हणे. माझा हातच सिद्ध, बिघडवायला गेलो तरी बिघडत नाही.

१६ तारीख
साडेपाच तास वाजवला. पुसत कोण बसतंय. रात्रभर उघड्या खिडकीत ठेवतोय. लाकडाला मोकळी हवा नको?

१७ तारीख
वरच्या भागाला तडा. केसाएवढाच. हलका माल. दुरुस्तीवाला म्हणाला, तीन आठवडे लागतील, थंडीत उघडा होता का? म्हटलं, छे. ही छताकडे बघत होती.

२० तारीख
पहिली खुर्ची त्याला. मी शेजारी, त्याचा प्लास्टिकचा ओबो घेऊन. स्वतः आणून दिला. म्हणाला, "भावोजी, हा कुठेही ठेवा, तडा जात नाही. फक्त रीड खरवडू नका, याला जमलेली आहे."
मग त्याने सूर दिला. माझा जुना ओबो, मी घासलेली रीड. सगळ्यांनी जुळवून घेतलं, सगळे थांबले. एक वाद्य तेवढं बेसूर उरलं. कंडक्टरने माझ्याकडे बघितलं.
मेव्हण्याने माझ्या एकट्यासाठी पुन्हा सूर दिला.